नागासाकीची रंगीत तालीम

सबिना, गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणू देत. माझं भांडण तुझ्याशी आहे, ते मी दुसऱ्या कुणाशी जाऊन करू?

परवा तुझ्या वसईच्या घरी व्हिडिओ कॉल केला होता. तुला इथून, सिडनीहून पाठवलं, तिकडे माती दिली, सातव्या दिवसाची मिस्साही झाली. म्हटलं, आता पाहुण्यांची वर्दळ कमी झाली असेल, तर तुझ्या ममाशी दोन शब्द नीट बोलावेत. ममा खुर्चीत बसली होती. रडून रडून आवाज बसलेला. मी आपली तिला काहीबाही सांगत होते. तुझ्या कामावरच्या म्हाताऱ्या तुझी आठवण काढतात, तुझं सामान मी आवरून ठेवलं आहे, कपडे कुणाला द्यायचे ते सांगा. ममाच्या तोंडावर उजेड येईना म्हणून तुझ्या भावाने फोन उचलून दुसऱ्या बाजूला टेकवला. आणि तिच्या मागच्या भिंतीवर तू दिसलीस.

फोटोत तू आणि ममा. तुझ्या अंगात ते विटकरी जाकीट, जे आपण ब्लॅकटाउनच्या ऑप शॉपमध्ये, जुन्या कपड्यांच्या दुकानात, खास जपानसाठी म्हणून घेतलं होतं. मागे लांबलचक दगडी भिंत, तिच्यावर ओळीने ब्राँझच्या मूर्ती, सगळ्यांचे पाय जमिनीपासून सुटलेले, खाली लोंबणारे. ती भिंत मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार? दोन वर्षं मी ती फोनवर मोठी करकरून बघितली आहे.

मी विचारलं, "काकी, हा फोटो कुठला?"

ममा मागे वळून बघत म्हणाली, "हा? नागासाकीचा ना, बाय. आपल्या संताच्या डोंगरावरचा." आणि मग एकदम तोंडावर हात. "अरे देवा. तुला सांगायचं नव्हतं. तिने मला बजावून ठेवलं होतं."

"कधी गेला होता तुम्ही?"

"गेल्या फेब्रुवारीत. गावातून तीर्थयात्रा निघाली होती. ती तिकडून आली, आम्ही इकडून गेलो."

गेल्या फेब्रुवारीत तू मेलबर्नला गेली होतीस, भवाने. चुलतबहिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला. मी त्या बाळासाठी टोपडं दिलं होतं तुझ्याजवळ, पिवळ्या लोकरीचं, हॅरिस पार्कातल्या दुकानात दोन चकरा मारून शोधलेलं. परत आल्यावर मी विचारलं, नाव काय ठेवलं गं? तू क्षणभरही न अडखळता म्हणालीस, "एथन." मी म्हटलं, छान आहे. गोरा आहे का? तू म्हणालीस, "गोरा आहे, पण नाक बापाचं."

बापाचं नाक! बाळच नाही आणि तू त्याला नाक लावलंस.

तर असं आहे. मी ममासमोर काही बोलले नाही. तिची पोर गेली आहे, तिला मी काय जाब विचारू? रेंज जाते आहे असं सांगून फोन ठेवला आणि खालच्या मिठाईच्या दुकानातून येणाऱ्या तुपाच्या वासात बसून राहिले. तुझ्या मरणाचं रडू मला आलं होतं, पुष्कळ आलं होतं. हे रडू वेगळं होतं. यात लाज होती. म्हणजे दोन वर्षं मी एकटीच वेडी होते की काय, असं काहीतरी.

आपण या फ्लॅटमध्ये आलो ते दिवस आठव. सिडनीत उतरणाऱ्या प्रत्येक विमानातून विद्यार्थी सांडत होते. हॅरिस पार्कात घर मिळणं म्हणजे लग्न जमण्यापेक्षा अवघड. दोन खोल्यांत आपण सहा जणी, आणि एका गादीला दोन मालकिणी. तू पहाटे एज्ड केअरला, म्हाताऱ्यांची सेवा करायला निघालीस की तुझ्या उबेत मी पाठ टेकायची, मी दुकानात माल लावायला गेले की तू. पहिले दोन महिने आपण एकमेकींना नीट बघितलंही नव्हतं. मला तुझ्या उशीला लागलेला खोबरेल तेलाचा वास माहीत होता, चेहरा नाही.

मग एका रविवारी दोघींना सुट्टी. तू चर्चमधून आलीस, मी कणीक मळत होते. तुझ्या गळ्यातल्या क्रुसाबरोबर एक बारकं पदक होतं, त्यावर कुणीतरी साधू. मी विचारलं, हे कोण? तू म्हणालीस, "आमच्या वसईचा पोरगा. चारशे वर्षांपूर्वी जपानला गेला होता."

मी हसले. मला वाटलं, थापा मारते. वसईचं पोरगं, आणि जपानला? मला वसई म्हणजे केळी आणि भाजी एवढंच ठाऊक. तू चिडलीस. म्हणालीस, "हसू नको हं. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत थंडीत चालवत नेलं आणि क्रुसावर दिलं. आमच्याकडे फेब्रुवारीत त्याचा सण असतो." कणकेचे हात तसेच ठेवून मी ऐकत राहिले. मला कॉलेजात इतिहास घ्यायचा होता, हे तुला नंतर कळलं. बाबांनी कॉम्प्युटर घ्यायला लावला. त्या दिवशी कराडच्या एका पोरीला पोटातून वाटलं की आपल्याला तिथं जायचं आहे.

तिथून सुरू झालं. श्रद्धा तुझी, अभ्यास माझा. मी वाचून काढायची आणि तू ऐकायचीस. नागासाकीच्या आसपासची खेडी, बेटं, पुढे धर्मावर बंदी आल्यावर लपूनछपून प्रार्थना करणारे कोळी आणि शेतकरी, देव्हाऱ्यात बुद्धाच्या रूपात ठेवलेली मेरी. तू म्हणायचीस, "वृंदे, तू हिंदू असून माझ्यापेक्षा जास्त ख्रिश्चन झालीस." पण आपल्या खिशात काय होतं? पंधरवड्याला ठराविक तासच काम करायची परवानगी, फी भरून जे उरेल त्यात भाडं. ट्रॅव्हल कंपन्यांचे दर बघून आपण हसायचो. मग ठरलं, आपलं आपण करायचं. सगळ्यात रडकं विमान, दोन ठिकाणी बदलून फुकुओका. तिथून बस. हॉस्टेलचा बारा जणींचा हॉल. शहरात ट्रॅम नाहीतर पाय. बेटावर जाताना वेगाची बोट नाही, संथ मोठी फेरी. जेवायला दुकानातले भाताचे गोळे, आणि संध्याकाळी सुपरमार्केटात भाव उतरवलेले डबे. जपानचा येन घसरला की तू शिफ्टवरून मेसेज करायचीस, "आज पडला!!" जणू कुणी शत्रूच पडला.

आणि तालमी. त्या कुणाला सांगितल्या तर लोक आपल्याला वेड्यात काढतील. तूच म्हणालीस, एवढ्या कमी पैशात जमेल की नाही ते इथंच करून बघू. मग महिन्यातून एक रविवार, तुझी मिस्सा संपली की, आपली रंगीत तालीम. सिडनीत राहून नागासाकी. पाठीवर सॅक, सॅकमध्ये वजनासाठी पाच-पाच किलो कणकेची पिशवी. लिंबाच्या लोणच्याचे भाताचे गोळे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. परामट्टाच्या धक्क्यावरून फेरी, मग पुढे मॅनलीची फेरी, ते आपलं बेट. ऑब्झर्व्हेटरी हिल म्हणजे संताची टेकडी. दिवसभर एकही कॉफी नाही, कारण तिथं परवडणार नव्हती.

एकदा फेरीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने आपल्या सॅक बघून विचारलं, कुठं निघालात मुलींनो? तू गंभीर चेहऱ्याने सांगितलंस, "नागासाकी." त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "राँग फेरी, लव्ह." आपण मॅनली येईपर्यंत हसत होतो. तुला उचकी लागली. मी पाठीवर थापा मारत होते आणि तू हसत हसत गळ्यातला क्रूस हातात धरून म्हणालीस, "वृंदे, शप्पथ, तिथं पहिलं पाऊल दोघींचं एकदम. तू आधी नाही, मी आधी नाही."

तू म्हणालीस हे. मी मागितली नव्हती शपथ. आम्ही कराडची माणसं, शपथा-बिपथा घेत नाही, तोंडचा शब्द पुरतो. क्रूस तू धरलास. मग सात-आठ महिन्यांत त्याच गळ्यात तोच क्रूस घालून विमानात बसलीस. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय.

आता मागचं सगळं उलगडतंय आणि प्रत्येक वेळी नव्याने अंगाची लाही होते. फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या तालमीत ऑब्झर्व्हेटरी हिलवर मी धापा टाकत म्हटलं, तिथला चढ एवढाच असेल. तू म्हणालीस, "छोटा आहे, पण खडा आहे. आणि पाऊस झाला की पायऱ्या निसरड्या होतात." मी विचारलं, तुला काय माहीत? "व्हिडिओत बघितलं." मला किती कौतुक वाटलं! म्हटलं, चला, आता हीसुद्धा अभ्यास करायला लागली.

मग जपानचा व्हिसा. या येत्या फेब्रुवारीची तिकिटं काढली, तेव्हा मी म्हटलं दोघींचे कागद एकदमच देऊ. तू आदल्या दिवशी एकटी जाऊन देऊन आलीस. "शिफ्ट बदलली गं, मग म्हटलं उरकून टाकू." तुझ्या पासपोर्टात आधीचा शिक्का होता, तो मला दिसला असता. मी त्या दिवशी तुझा राग धरला नाही. उलट आपल्या कागदांची फाइल तू व्यवस्थित लावलीस म्हणून तुला जिलेबी खाऊ घातली.

आणि ते भांडण. खरं तर मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

तिथं बंदीच्या काळात दर नव्या वर्षाला गावातल्या माणसांना रांगेत उभं करायचे आणि जमिनीवर ख्रिस्ताचं किंवा मेरीचं चित्र ठेवायचे. त्यावर पाय द्यायचा. दिला तर घरी जा, नाही दिला तर हाल करून मारणार. हे मी वाचून दाखवलं तेव्हा, पहिल्या वर्षी, तू ताडकन म्हणालीस, "ज्यांनी पाय दिला ते भ्याड. माझा संत क्रुसावर गेला आणि हे चित्राला घाबरले?" मी म्हटलं, अगं, पोरंबाळं होती त्यांना, एक पाऊल टाकून जीव वाचत असेल तर काय बिघडलं? तू माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस. आपल्या गादीवर माझी उशी भिंतीकडे ढकलून ठेवलीस.

फेब्रुवारीनंतर तूच तो विषय काढायला लागलीस. प्रत्येक रविवारी. आणि आता उलट्या बाजूने. "वृंदे, पाय देणारे घरी येऊन क्षमा मागायचे. दरवर्षी पाय द्यायचा आणि दरवर्षी क्षमा मागायची. आणि बघ ना, प्रार्थना कुणी टिकवल्या? जे मेले त्यांनी नाही. ज्यांनी पाय दिला त्यांच्याच पोरांनी पिढ्यान् पिढ्या टिकवल्या." मला वाटलं, माझंच म्हणणं हिला पटलं. पण तू जिंकायला निघालीस म्हटल्यावर मी कशी गप्प बसणार? मी तुझी जुनी बाजू घेतली. म्हटलं, मग तुझा संत काय उगाच मेला? पाय तो पाय. एकदा दिला की दिला.

तुझे डोळे भरून आले. मला वाटलं संतासाठी.

तू म्हणालीस, "आणि त्यांचं प्रेम होतं तरी?"

मी म्हटलं, "प्रेम होतं तर पाय कसा उचलला?"

"पुढच्या रविवारी बोलू," तू म्हणालीस आणि ताट धुवायला उठलीस. त्याच आठवड्यात कामावर चक्कर येऊन पडलीस ती उठलीच नाहीस. पुढचा रविवार आला, तेव्हा मी तुझ्या पार्थिवाच्या कागदांवर सह्या करत होते.

म्हणजे तू दर रविवारी माझ्यासमोर मांडी घालून बसायचीस आणि तुझाच खटला चालवायचीस, आणि न्यायाधीश कोण, तर मी. मला कुणी सांगितलंच नव्हतं की आरोपी समोर बसला आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तरी किती, सबिना? सरळ म्हणायचंस ना, वृंदे, मी जाऊन आले. चार शब्द. मी काय केलं असतं? फुगले असते. नक्की फुगले असते, माझ्या तोंडाला कुलूप लागलं असतं आठवडाभर. पण फुगलेली वृंदा तू काय पहिल्यांदाच बघणार होतीस? तुला ठाऊक होतं की पुढ्यात भाजीचा समोसा आणि चिंचेचं पाणी ठेवलं की मी बोलायला लागते. ते लोक शोगुनच्या भीतीने लपले, कारण तो मुंडकं उडवणारा राज्यकर्ता होता. लपायला मी काय तुझा शोगुन होते का गं?

आणखी एक आहे. ब्लॅकटाउनच्या चर्चच्या हॉलमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना झाली, तुला विमानात चढवायच्या आधी. सगळे आले होते. तुमचे वसईचे, ठाण्याचे, आमचे पुण्याचे, आपल्या ओळखीच्या केलीव्हिलच्या काकू पोरांना घेऊन. फादर म्हणाले, तिच्या मैत्रिणीने दोन शब्द बोलावेत. मी कधी माइकसमोर उभी राहत नाही, तुला माहीत आहे. तरी उभी राहिले आणि काय बोलले? "सबिनाच्या तोंडून मी कधी खोटं ऐकलं नाही." बायकांनी डोळ्यांना पदर, रुमाल लावले. काकूंनी मला जवळ घेतलं. आता मी काय करू? प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगू, की मी बोलले ते विसरा? भर सभेत मला खोटं पाडलंस, आणि तेही तू मेल्यावर. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब तरी कुठे मारायची?

काल ममाला परत फोन केला. राहवलं नाही. मी म्हटलं, काकी, मला फक्त सांगा, का?

ममाने सांगितलं. तुला ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मिळत नव्हता तेव्हा तिने संताला नवस बोलला होता. "व्हिसा आला तर पोरीला घेऊन तुझ्या डोंगरावर येईन." तिचे गुडघे गेलेले, डॉक्टर म्हणाले यंदा जाताय तर जा, पुढच्या वर्षी चढ जमणार नाही. गावचे लोक निघाले होते. तिने तुला फोन केला, तू आधी नाही म्हणालीस. ममा रडली. मग तू गेलीस.

"तिथं काही खूश नव्हती ती," ममा म्हणाली. "एसीची बस, सोबत आपलाच स्वयंपाकी, सगळं होतं. तरी हिचं आपलं तोंड पाडलेलं. ट्रॅम दिसली की बघत राहायची. सगळे म्युझियममध्ये गेले, ही बाहेरच थांबली. मी म्हटलं, चल ना बाय, पैसे भरलेत. तर म्हणाली, आतलं मी वृंदाबरोबर बघणार."

हे ऐकून माझा राग जायला हवा होता, नाही? ममालाही तसंच वाटलं, म्हणून तिने ते दोनदा सांगितलं. नाही गेला. अर्धं नागासाकी तू उष्टं केलंस आणि अर्धं माझ्यासाठी झाकून ठेवलंस. मला उष्ट्याचं काही नाही, तुझ्या डब्यातलं मी किती वेळा खाल्लं आहे. पण उष्टं सांगून देतात.

नवस होता, आई होती, गुडघे होते. सगळं कळतं मला. तू गेलीस त्याचा राग अर्ध्या दिवसात विरला असता. तू परत आलीस आणि माझ्याबरोबर नकाशा उघडून बसलीस, "वृंदे, स्टेशनातून बाहेर पडल्यावर डावीकडे की उजवीकडे?" असं विचारलंस, आणि मी बोट फिरवून तुला दाखवत राहिले, त्याचा राग आहे. तुला रस्ता माहीत होता. तू त्या रस्त्यावरून चालली होतीस. माझ्या तोंडाकडे बघताना तुला काय वाटत होतं? मजा वाटत होती? की कीव? का खरंच तुला मी सांगितलेलं नागासाकी पुन्हा ऐकायचं होतं? यातलं एक उत्तर मिळालं असतं तरी मी शांत झोपले असते. ते तू बरोबर घेऊन गेलीस.

आणि तरीही, काय करू, तुझं सगळंच आठवतं. माझं युनीमधलं पहिलं प्रेझेंटेशन. मी भीतीने आदल्या दिवशीपासून ओकत होते. तू शिफ्टवरून थेट आलीस, एज्ड केअरच्या निळ्या युनिफॉर्ममध्ये, अंगाला डेटॉलचा वास, आणि मागच्या रांगेत बसलीस. मी तुझ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. तिसऱ्या स्लाइडला तू झोपलीस. पाचव्या स्लाइडला घोरलीस. अख्खा वर्ग हसला आणि माझी भीती गेली. बाबांना अ‍ॅटॅक आला आणि मला तिकिटाला पैसे नव्हते, तेव्हा तू तुझ्या देवाकडे मेणबत्ती लावलीस आणि परामट्टाच्या गणपतीलाही जाऊन आलीस. म्हणालीस, "दोन्हीकडे सांगून ठेवलंय, कुणीतरी ऐकेल." अशी माणसं मिळत नाहीत. म्हणून तर एवढं लागलं. परक्याने फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन भाकरी खाऊन झोपले असते.

फोन ठेवताना ममाने विचारलं, "बाय, तू जाशील ना आता?"

मी म्हटलं, बघते.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. तिकिटं आपण सगळ्यात स्वस्तातली काढली, ती रद्द होत नाहीत, नाव बदलत नाही. गेले नाही तर तुझं खोटं जिंकलं असं मला वाटतं. गेले तर बेअक्कल ठरते का, तेही कळत नाही. कालपर्यंत ठरवलं होतं की नाही जायचं. तुझं ते विटकरी जाकीट ऑप शॉपला परत द्यायचं, फोटो फोनमधून काढून टाकायचे, संपला विषय. आज सकाळी नकाशा पुसायला उघडला, आणि बघते तर माझं बोट आपोआप स्टेशनापासून टेकडीकडे निघालं.

मी जाणार आहे, सबिना. तुझ्यासाठी नाही, स्वतःला सांगून ठेवते. इतिहास मला घ्यायचा होता. मी बारा जणींच्या हॉलमध्ये झोपेन, ट्रॅमने जाईन, संथ फेरीने बेटावर जाईन. टेकडी चढेन. तुझ्या संताला सांगेन की वसईची एक पोर खोटं बोलते, तिला तुम्ही बघा. मग म्युझियमच्या आत जाईन. जिथं तू गेली नाहीस तिथं जाईन आणि सगळं नीट, एक-एक वस्तू बघेन. पाय द्यायची ती चित्रं तिथं ठेवलेली आहेत म्हणे, इतक्या पायांनी झिजून तोंडं पुसट झालेली. ती पण बघेन.

आणि परत आल्यावर तुला काही सांगणार नाही. आत काय होतं, कसं होतं, मला काय वाटलं, एक शब्द नाही. तुलाही कळू दे कसं वाटतं ते.

बघू मला किती दिवस जमतंय.